फळ्यावर कुणाकुणाचं नाव?

दिग्याच्या बातम्यांच्या ग्रुपवर परवा सकाळी एक यादी पडली. आठवडाभरात अटक झालेल्यांची नावं, गाव, कलम, आणि वर लाल ठळक अक्षरांत ‘ओळखा पाहू कोण कोण’. दुपारपर्यंत ती गावभर फिरली. त्यामुळे संध्याकाळी दिग्या कट्ट्यावर पोचला तेव्हा त्याच्यावरचा खटला निम्मा चालून झाला होता.

वकिलानं सुरुवात शिवीनं केली, ती इथं गाळतो. पुढचं वाक्य असं: "तुला ही यादी दिली कुणी?"

"दिली कुणी म्हंजे? पोलिसांच्या साईटवर हाय. तूच बघ की."

त्यानं मोबाईल पुढं केला. महाराष्ट्र पोलिसांचं नागरिकांसाठी पोर्टल आहे. त्यावर प्रसिद्ध झालेले एफआयआर बघता येतात, तशी अटक आरोपी बघायचीही सोय आहे. जिल्हा निवडायचा, तारखा टाकायच्या आणि शेवटी ती वाकडीतिकडी अक्षरं ओळखून भरायची. विन्याला ती काही केल्या जुळेनात. मास्तरांनी चष्मा कपाळावर ढकलला, मोबाईल नाकाशी धरला आणि एकेक अक्षर वाचून दिलं. शाळेतनं रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी शुद्धलेखन घालताना वाचायचे तसंच वाचतात.

"बघा," दिग्या म्हणाला, "चोरून आणलेलं न्हाई. सरकारनंच चव्हाट्यावर मांडलंय. मी फक्त लोकांच्या खिशात नेऊन ठेवलं."

विन्या त्याच्या बाजूचा. मोबाईलच्या दुकानावर त्यानं खोल्या बांधल्यात, त्या भाड्यानं देतो. "आधार कार्ड काय, कोणबी दाखवतंय. मागच्या पोरानं खोलीत बसून काय उद्योग केले ते पोलीस दारात आल्यावर कळलं मला. आधी कळाय नको? आन ज्यानं काय केलंच न्हाई, त्यानं कशाला लाजायचं?"

हे शेवटचं वाक्य ऐकलं की वकील हमखास पेटतो. फौजदारी बाजूला प्रॅक्टिस करणाऱ्याला ते रोज कुणी ना कुणी ऐकवतंच. "अरे, अटक म्हणजे शिक्षा नव्हे. २०२२ ची सरकारी आकडेवारी काढ. देशातल्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास माणसं, त्यातली ७५ टक्क्यांहून जास्त कच्चे कैदी. चारातल्या तिघांचा निकालच लागलेला नाही. आणि तू यादीवर ‘ओळखा पाहू’ लिहितोस?"

"निकाल लागायला पंधरा वर्षं लागत्यात. तवर आम्ही डोळं झाकून बसायचं व्हय?"

विन्याचं हे बोलणं खोडून काढणं सोपं नाही. वकीलही क्षणभर गप्प झाला. मग मास्तरांनी मास्तरासारखा प्रश्न विचारला. "ही यादी लावायचीच कशासाठी, हे आधी सांगा. पोलिसांनी स्वतःहून हौसेनं लावली असेल असं मला वाटत नाही."

इथून वकिलाचं सगळ्यात लांब भाषण सुरू झालं. भडंगाचा पुडा सगळ्यांत फिरत होता, तो त्यानं बोलता बोलता स्वतःकडेच ठेवून घेतला, हेही नोंदवून ठेवतो.

१९८६ साली पश्चिम बंगालमधल्या विधी सहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी सुप्रीम कोर्टाच्या सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. पोलीस कोठडीत माणसं मरतात अशा बातम्या येतायत, लक्ष घाला. कोर्टानं त्या पत्रालाच याचिका मानलं. निकाल आला डिसेंबर १९९६ मध्ये आणि त्यात अटकेची अकरा बंधनं घालून दिली. पोलिसाच्या छातीवर नाव दिसलं पाहिजे. अटकेचा मेमो जागेवर करायचा, त्यावर तारीख आणि वेळ, घरच्या माणसाची नाहीतर गल्लीतल्या कुणा प्रतिष्ठिताची साक्ष, अटक झालेल्याची सही. नातेवाइकाला कळवायचं. कोठडीत दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी. आणि अटक झाल्यापासून १२ तासांच्या आत जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला खबर जायला हवी, तिथं ती दिसेल अशा फळ्यावर लागायला हवी.

"आता सांग विन्या, तो फळा कुणासाठी? तुझ्या भाडेकरूची चौकशी करायला? ज्या आईचा पोरगा रात्री घरी आला नाही आणि जी चार ठाणी हिंडत्ये, तिच्यासाठी तो फळा. पोरगा आमच्याकडं आहे, अशी पोलिसांनी दिलेली पावती आहे ती. आणि तुम्ही ती पोराच्याच कपाळावर चिकटवताय."

दिग्या म्हणाला, "ते तीस वर्षांपूर्वीचं झालं. आता कायदा बदललाय."

"बदललाय ना! तेच तर सांगतोय."

त्यानं मोबाईलवर दोन कलमं काढली आणि एकापाठोपाठ एक वाचली. माझ्या मते त्या संध्याकाळी कामाची गोष्ट निघाली ती हीच. फौजदारी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती होऊन २०१० पासून ४१-क हे कलम लागू झालं. जिल्ह्याच्या कंट्रोल रूमबाहेरच्या फळ्यावर काय लिहायचं, तर अटक झालेल्यांची नावं, पत्ते, आणि ज्यांनी अटक केली त्या पोलिसांची नावं आणि हुद्दे. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३७ आलं. त्यात एक चांगलं झालं. फळा आता जिल्ह्याच्या गावीच नाही, प्रत्येक ठाण्यात हवा, डिजिटल चालेल, आणि त्याची जबाबदारी सहायक फौजदार किंवा त्यावरच्या नेमलेल्या माणसावर. काय लिहायचं, तर अटक झालेल्याचं नाव, पत्ता, कोणता गुन्हा.

"आणि?" मास्तरांनी विचारलं.

"आणि काही नाही. संपलं कलम."

"अटक करणाऱ्याचं नाव?"

"फळ्यावरनं गेलं."

मास्तरांनी मोबाईल मागून घेतला आणि दोन्ही कलमं स्वतः वाचली. अटक मेमो अजून करावाच लागतो, अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव असावंच लागतं, ते कलम ३६ मध्ये शाबूत आहे असं वकिलानंच सांगितलं. पण तो कागद केसच्या फायलीत जातो, रस्त्यावरच्या माणसाला दिसत नाही. रस्त्यावरच्या माणसासाठी होता तो फळा, आणि त्यावर आता एकाच बाजूची नावं उरली. हा बदल मुद्दाम केला की मसुदा लिहिणाऱ्याच्या हातून निसटला, यावर कट्ट्यावर दोन तट पडले. मी त्यात पडलो नाही. कसाही झाला असो, परिणाम तोच.

"तू एक कर दिग्या," वकील म्हणाला. "उद्याच्या यादीत प्रत्येक नावापुढं अटक करणाऱ्या साहेबाचं नाव टाक. आणि वेळ टाक. कुठनं उचलला, किती वाजता."

दिग्याच्या तोंडातनं शब्द फुटेना. त्याच्या निम्म्या बातम्या ठाण्यातल्या चहावर मिळतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत.

वेळेचा मुद्दा वकिलानं सोडला नाही. एक बाई त्याच्याकडं आली होती. तिचा मुलगा शनिवारी संध्याकाळी एसटी स्टँडवरनं उचलला. तिनं पाहिलं नव्हतं, पण पानपट्टीवाल्यानं पाहिलं होतं. ठाण्यात गेली तर, इथं कुणी नाही. रविवारी गेली तर, चौकशीला बोलावलंय, येईल सोडून. आणि अटक दाखवली सोमवारी सकाळी. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं ही राज्यघटनेच्या २२ व्या कलमातली अट आहे, पण घड्याळच सोमवारी सुरू केलं की अट आपोआप पाळली जाते. "यादीत त्या पोराचं नाव होतं बरं का. तारीख सोमवारची. तुझ्यासारख्यानं वाचली तर वाटणार, सगळं कसं पारदर्शक चाललंय."

"मग यादीचा उपयोगच काय म्हणा की," विन्या म्हणाला. त्याला वाटलं, वकील आता स्वतःच्याच बोलण्यात सापडला.

"आहे उपयोग. २०१७ ची सांगली आठव."

कुणाला आठवण करून द्यायची गरज नव्हती. आमच्या भागात ते प्रकरण अजून नुसतं ‘आंबोली’ एवढं म्हटलं तरी कळतं. लुटीच्या गुन्ह्यात दोघांना अटक झाली. त्यातला एक तरुण कोठडीतल्या मारहाणीत मेला. पोलिसांनीच त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला आणि दोघंही आरोपी पळाले अशी बतावणी केली. पुढं फौजदारासकट पोलीसच गजाआड गेले.

"पळाला असं का सांगावं लागलं? कारण तो कागदावर होता. कागदावर नसता तर ‘आम्ही आणलाच नव्हता’ एवढं म्हणून मोकळे झाले असते. नोंदीनं त्याचा जीव वाचला नाही, खरंय. पण खोटं पचलं नाही ते नोंदीमुळं."

यावर विन्या बराच वेळ बोलला नाही. पुडा शेवटी त्याच्याकडं आला होता, हेही कारण असेल.

मग मास्तरांनी वेगळंच काढलं. त्यांच्या नोकरीची सुरुवातीची वर्षं पारधी वस्तीजवळच्या शाळेत गेली. ते म्हणाले, "तुम्ही नावावर भांडताय, मला पत्त्याची भीती वाटते. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत केली. कायदा १९५२ ला गेला, कुंपण तुटलं. पण आजही तालुक्यात कुठं घरफोडी झाली की गाडी आधी कुठं जाते, हे वस्तीतल्या पोराला विचारा. माझ्या वर्गातली पोरं गाडीचा आवाज आला की शेताकडं पळायची. आता यादीत एका पारध्याचं नाव आणि खाली वस्तीचा पत्ता आला, की गावाच्या लेखी अख्खी वस्ती अटकेत. त्या वस्तीतल्या पोरीला उद्या बाजारात कुणी कामाला ठेवील?"

दिग्यानं इथं मुद्दा चांगला मांडला. पोलीस स्वतः काय करतात? पुण्यात गाड्या फोडणाऱ्या पोरांची त्यांच्याच गल्लीतनं धिंड काढतात, लोक टाळ्या वाजवतात, व्हिडिओ फिरतात. मग एका बातमीदाराच्या यादीनं कुणाची अब्रू जायची राहिलीय? उत्तर वकिलाकडं होतं, पण त्यालाही ते तोकडं वाटलं असावं. सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राला सांगितलंय, पोलिसांनी माध्यमांना काय सांगावं याची नियमावली करा. टाळ्या वाजवणाऱ्यांसाठी अशी नियमावली निघायची नाही.

मास्तरांचा मुलगा अमेरिकेत असतो, त्यामुळे तिकडचा दाखला आल्याशिवाय कट्टा उठत नाही. तिकडं कित्येक ठिकाणी जेलच्या साईटवर अटक झालेल्याचा फोटोच लागतो. मग काही लोकांनी ते फोटो उचलून आपल्या साईटवर लावले आणि काढून टाकायचे पैसे मागायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियात २०१५ पासून त्यावर बंदी आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलिसांनी २०२० पासून असे फोटो सरसकट देणंच थांबवलं. दिग्या हे फारच लक्ष देऊन ऐकत होता. विन्यानं त्याला कोपरानं ढोसलं, "पैशे मागायचं मनात बी आणू नगंस."

"आणि सुटल्यावर?" हा प्रश्न माझा. यादीत नाव येतं त्या दिवशी दिसतं. पुढं ब समरी झाली, म्हणजे केसच खोटी होती असा अहवाल पोलिसांनी दिला, नाहीतर दहा वर्षांनी निर्दोष सुटला, तर ते कुठल्या फळ्यावर लागतं?

"कुठल्याच नाही," वकील म्हणाला. मद्रास हायकोर्टात असंच एक प्रकरण झालं. माणूस अपिलात निर्दोष सुटला होता, पण निकालातलं नाव इंटरनेटवर राहिलं आणि ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व अडलं. २०२४ च्या फेब्रुवारीत हायकोर्टानं नाव झाकायला सांगितलं, जुलैत सुप्रीम कोर्टानं त्याला स्थगिती दिली. निकाल हा सार्वजनिक कागद, तो झाकायचा का, यावर वाद आहे. "पण अटकेची यादी म्हणजे निकाल नव्हे. तिचं काम चार-आठ दिवसांचं. माणूस सापडला, कोर्टापुढं आला, वकील मिळाला, संपलं. पुढं ती लोकांपुढं ठेवायचं कारण नाही. पोलिसांच्या दप्तरात राहू दे कायमची. माहिती अधिकारात, कोर्टात, ज्याला पोलिसांना जाब विचारायचाय त्याला मिळू दे."

मला विचाराल तर माझं मत इथंच येऊन थांबतं. यादी हवी, ताजी हवी, तिच्यात अटकेची वेळ हवी आणि करणाऱ्याचं नाव हवं. पत्ता गावापुरता पुरे. फोटो नको. काही दिवसांनी ती लोकांसमोरनं उतरायला हवी. विन्याला हे पटलेलं नाही, तो म्हणतो उतरवायची असेल तर लावताच कशाला. त्याच्या भाडेकरूसाठी पोलिसांकडं माहिती देण्याचा फॉर्म असतो, तो त्यानं आजवर एकदाही भरलेला नाही, हे वकिलानं त्याला ऐकवलं. तेव्हा तो म्हणाला, फॉर्म भरला की भाड्यावर घरपट्टी वाढती. म्हणजे स्वतःचं नाव कुठल्या यादीत जाऊ नये, हे त्यालाही कळतं.

उठता उठता दिग्या म्हणाला, "साहेबाचं नाव टाकलं, तर उद्यापासनं मला बातमी कोण देणार?"

"कोर्टात ये की," वकील म्हणाला. "दुपारी तीनच्या सुमाराला रिमांड चालतं. दार उघडं असतं, कुणीही मागं बसून ऐकावं. कोण, कशात, कधी उचलला, अंगावर मार आहे का, सगळं तिथं समोर येतं. साहेबही तिथंच उभा असतो."

"तीनला व्हय?" दिग्या म्हणाला. "तीनला माझी झोप असती."