बेल वाजवायला आता परवानगी घ्यायची?

काल दुपारपासून डोकं ठणकतंय माझं.

आईनं अळूवड्या केल्या होत्या. पानं बाल्कनीतल्या कुंडीतली. चिंचगुळाचं पीठ लावून, वळकट्या उकडून, पातळ कापून तळलेल्या. पहिला घाणा निघाला तशा तिनं सहा वड्या ताटलीत काढल्या, वर दुसरी ताटली पालथी घातली आणि गरम आहेत तोवर म्हणून समोरच्या काकांकडे गेली. काकांनी दार अर्धंच उघडलं, ताटली घेतली आणि म्हणाले, "वहिनी, पुढच्या वेळी आधी फोन करत जा हं. तिकडे जर्मनीत असं न सांगता कुणी कुणाच्या दारात जात नाही."

वड्या मात्र घेतल्या!

आई परत आली, गॅस बंद केला आणि खुर्चीत बसली. दुसरा घाणा तसाच राहिला. नौपाड्यातल्या चाळीत वाढलेली बाई ती, तिथे दार फक्त रात्री लागायचं. काकूंचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन आठवडे दोन्ही वेळचा डबा हिनं दिला, तेव्हा नाही कुणी फोन मागितला.

काका मुलाकडे म्युनिकला तीन महिने राहून आलेत. मी श्टुटगार्टला चार वर्षं काढलीत, नोकरी करून, भाडं भरून, जिना पुसून. हो, जिना. त्या भागात केअरवोखे असते. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते आणि तो आठवडा जिना त्यानं स्वच्छ ठेवायचा. काकांनी आमच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये चपलांचं कपाट, नातवाची मोडकी सायकल आणि तीन कुंड्या मांडल्यात. सोसायटीनं दोनदा नोटीस लावली. ती पाटी नाही आणावीशी वाटली तिकडून?

आणि रविवार! जर्मनीत रविवारची विश्रांती थेट राज्यघटनेत आहे. १९१९ च्या वायमार घटनेत लिहिली, १९४९ च्या घटनेत तशीच ठेवली. दुकानं बंद. ड्रिल लावायचं नाही. रिकाम्या बाटल्यासुद्धा काचेच्या कंटेनरमध्ये टाकायच्या नाहीत, खळ्ळकन आवाज होतो म्हणून. काल रविवारच होता ना? सकाळी साडेआठपासून काकांच्या बाथरूममध्ये लाद्या कापायचा कटर चालू होता. रात्रपाळी करून आलेला माझा भाऊ कानावर उशी दाबून पडला होता. बरं, तो लाद्या बसवणारा दुपारी पाणी मागायला कुणाच्या दारात आला? आमच्या! त्याला आईनं पाणी दिलं आणि वर दोन वड्या दिल्या.

पाण्यावरून आठवलं. तिकडे हॉटेलात बसलं की समोर ग्लास येत नाही. बाटली मागवायची, पैसे मोजायचे, कधी कधी बिअरपेक्षा जास्त. चार वर्षांत मला त्याची सवय झाली नाही आणि करून घ्यायचीही नव्हती.

चार वर्षांत माझी बेल न सांगता तीनदा वाजली. दोनदा पार्सलवाला, शेजाऱ्यांचं पार्सल ठेवून घ्या म्हणून. ते मात्र तिथे सगळे एकमेकांसाठी करतात. संध्याकाळी शेजारी चिठ्ठी घेऊन येणार, पार्सल घेणार, आभार मानणार, उंबऱ्यावरूनच परत. तिसऱ्यांदा खालच्या मजल्यावरचे आजोबा आले. मी रविवारी बरण्या कंटेनरमध्ये टाकल्या होत्या. आवाज न चढवता त्यांनी वेळेची पाटी दाखवली. चूक माझीच होती, मला राग आला नाही. ते स्वतः तो नियम पाळत होते.

पण एका डिसेंबरात मी चार दिवस तापानं फणफणले होते. साडेचारला बाहेर काळोख. वरून पावलं ऐकू यायची, भिंतीपलीकडे टीव्ही. मी सांगितलं असतं तर माणसं धावली असती, हे मला माहीत आहे. न विचारता जाणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात घुसणं, असं त्यांना मनापासून वाटतं. मला सांगताच आलं नाही. आपल्याकडे सांगावं लागतच नाही ना! अंथरुणात पडल्या पडल्या मला मऊ भात नको होता, मला बेल हवी होती. कुणीतरी उगाच येऊन "काय गं, दिसली नाहीस दोन दिवस" म्हणायला हवं होतं.

त्यासाठी परत आले मी. पगार निम्म्यावर आला, घोडबंदर रोडवर रोज दीड तास सडते, तरी आले. आणि इथे माझ्याच मजल्यावर, माझ्या आईला हा माणूस सांगतो, फोन करून या. तिकडची वेळ पाळणं आणलं नाही, जिना पुसणं आणलं नाही, रविवारची शांतता आणली नाही. आणलं काय, तर अर्धं उघडलेलं दार!

आमच्या दोन्ही ताटल्या अजून त्यांच्याकडेच आहेत. आई म्हणते, राहू दे, त्यांच्या सवडीनं देतील. राहू देणार नाही. आज ऑफिसातून आले की मीच जाणार आहे आणायला, फोन न करता.