वॉर्प चार मागायला काय जातंय?

गेल्या शनिवारी रात्री पावणेबाराला आमचं जहाज फुटलं. तेव्हापासून माझं डोकं जे तापलंय ते अजून निवलेलं नाही. जहाज फुटल्याचं मला दुःख नाही, ते जवळजवळ दर शनिवारी फुटतं. मला राग येतो तो फुटल्यानंतरच्या पाच मिनिटांचा. चार तोंडं, चार मतं, आणि चारही मतं फिरून फिरून एकाच ठिकाणी येऊन थांबतात: "इंजिनिअरिंगनेच माती केली."

इंजिनिअरिंग म्हणजे मी.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. 'आर्टेमिस' नावाचा एक कॉम्प्युटरवरचा खेळ आहे. थॉम रॉबर्टसन नावाच्या माणसाने केलेला, 2010 सालचा. एका खोलीत पाच-सहा लॅपटॉप एकमेकांना जोडायचे, समोर मोठा टीव्ही लावायचा आणि सगळ्यांनी मिळून एकच अंतराळयान चालवायचं. एक जण हेल्मवर, म्हणजे स्टिअरिंग त्याच्याकडे. एक जण वेपन्सवर. एक सायन्सवर, तो शत्रूचं जहाज स्कॅन करून त्याची कमजोरी सांगतो. एक कम्युनिकेशन्सवर, तो स्टेशनांशी आणि शत्रूंशी बोलतो. एक इंजिनिअरिंगवर. आणि एक कॅप्टन. कॅप्टनपुढे लॅपटॉप नाही, बटण नाही, काही नाही. समोरचा टीव्ही आणि स्वतःचं तोंड, एवढीच त्याची सामग्री. त्याने बघायचं आणि हुकूम सोडायचे.

आता मला सांगा, असा खेळ आपल्याकडे आणल्यावर काय होणार? आपल्याकडे थंडीत शेतात भरीत पार्टी असते तेव्हा वांगी भाजायला एक जण बसतो, धूर एकाच्या डोळ्यात जातो, आणि खाटेवर बसलेले सहा जण सांगतात, "अजून परत, अजून परत, त्या बाजूनं कच्चं से." हा खेळ तसाच आहे. फरक इतकाच की भरीत बिघडलं तरी मिरच्या-लसूण जास्त टाकून खाता येतं.

आम्ही पाच जण. अमळनेरात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्याच्या वरच्या खोलीत जमतो. एक सराफाच्या दुकानात बसतो, त्याला आपण सोनार म्हणू. एक चोपड्याकडचा केळीवाला. एक रोज गाडीने जळगावला एमआयडीसीत जाणारा, पाइपच्या कारखान्यात आहे. एक झेडपीच्या शाळेतला मास्तर. माणसं वाईट नाहीत. माझ्या वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी हेच चौघं रात्रभर बाकड्यावर बसले होते. पण लॅपटॉप उघडले की यांच्या अंगात काय संचारतं देव जाणे.

कॅप्टन कोण, यासाठी चिठ्ठ्या टाकतात. वेपन्ससाठी भांडतात. हेल्म केळीवाल्याने कायमचं घेतलंय, कारण तो पिकअप चालवतो, हे त्याचं क्वालिफिकेशन. सायन्स आणि कम्युनिकेशन्स दोन्ही मास्तरकडे, कारण त्याला बसून राहायची सवय आहे (हे तोच म्हणतो). आणि इंजिनिअरिंगची चिठ्ठीच कधी निघत नाही. "ते तर तुनंच से ना भो, तू मोटरवाला!" विषय संपला.

बरं, त्या खुर्चीवर काय असतं ते एकालाही माहीत नाही. आठ सिस्टिम असतात. बीम (म्हणजे किरणांचा मारा), टॉर्पेडो, सेन्सर, वळण्याची ताकद, इम्पल्स (साधा वेग), वॉर्प (सुसाट वेग, चार म्हणजे त्याचा सगळ्यात वरचा गिअर), पुढची ढाल, मागची ढाल. प्रत्येकीची वीज कमीजास्त करायची पट्टी असते, शंभर टक्क्यांवरून थेट तीनशेपर्यंत नेता येते. नेता येते म्हणजे न्यावी असं नाही! वाढवली की ती सिस्टिम तापते. तापली की कूलंट द्यायचं, आणि कूलंटचे एकूण दाणे आठ. आठ सिस्टिम, आठ दाणे. एकीला तीन दिले की दुसरीकडून काढावेच लागतात. जास्त तापली की आतून जळते, मग दुरुस्तीची माणसं पाठवायची, ती जहाजात चालत जातात, तोवर तुम्ही देवाचं नाव घ्या. आणि या सगळ्यासाठी एकूण एनर्जी हजार. ती सतत उतरत असते, ढाल नुसती उघडी ठेवली तरी उतरते. संपली की स्टेशनला जाऊन जोडून घ्यायचं, चार्ज व्हायचं.

हे वाचून एखादी गोष्ट आठवली का? मला तर पहिल्या दिवशीच आठवली. माझ्या दुकानात रोज हेच येतं. शेताच्या फीडरवर थ्री फेज ठरावीक तास, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. त्यातच एक फेज जाते. शहाणा माणूस स्टार्टर बंद करतो. बाकीचे म्हणतात, चालतेय ना, चालू दे. मोटर दोन फेजवर घरघरते, उरलेल्या दोन तारांतून नको तेवढा करंट ओढते, आणि अर्ध्या तासात वाइंडिंग काळं. मग खांद्यावर मोटर घेऊन माझ्याकडे. "काही केलं नही भाऊ, आपोआप जळनी." आपोआप! तीस वर्षांत आपोआप जळलेली मोटर मी पाहिली नाही. वडिलांनीही पाहिली नव्हती.

आणि शनिवारी रात्री माझा जिवाभावाचा सोनार, कॅप्टनच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसलेला, मला सांगतो, "वॉर्प चार दे, पुढली ढाल फुल, बीम फुल." एनर्जी किती उरली होती? एकशे चाळीस. मी ओरडून सांगितलं, एकशे चाळीस! एका तरी माणसाने मान वळवली? वॉर्प चारवर एनर्जी धबधब्यासारखी जाते हे मी सहा महिने सांगतोय. मी म्हटलं आधी स्टेशनला जाऊ. तर म्हणे, "कॅप्टन कोण से?"

बरं बाबा. तू कॅप्टन.

आता पुढचं ऐका, कारण इथे माझा दोष शोधायला फार मोठं भिंग लागेल. मास्तरने शत्रूचं जहाज अजून पूर्ण स्कॅन केलेलं नव्हतं. बीमला ए पासून ई पर्यंत फ्रीक्वेन्सी असतात, शत्रूची ढाल ज्या फ्रीक्वेन्सीला कच्ची असेल ती लावली तर मारा लागतो. ती सांगायचं काम सायन्सचं. मास्तर काय करत होता? कम्युनिकेशन्सवर जाऊन शत्रूला चिडवत होता. खेळात शत्रूला टोमणे मारायची सोय आहे, बरोबर बसला तर ते जहाज चवताळून तुमच्याच मागे येतं. स्टेशनवर हल्ला होत असेल तर ही युक्ती उपयोगाची असते. इथे स्टेशनही नव्हतं आणि आमच्यात जोरही नव्हता. पोरांना तोंड बंद ठेवा म्हणणारा हा माणूस, दोन धडधाकट जहाजांना टोमणे मारून आमच्या अंगावर घेतो आणि स्वतःच हसतो. केळीवाल्याने वळण इतकं मोठं घेतलं की घाटात ट्रक वळवतोय असं वाटलं. आणि पाइपवाल्याने, कुणालाही न विचारता, न्यूक, म्हणजे अणुबॉम्ब, सोडलं. इतक्या जवळून. न्यूकचा स्फोट आपलं-परकं बघत नाही. शत्रूचं एक जहाज गेलं आणि आमचं पण गेलं.

म्हणजे आम्ही आमच्याच बॉम्बने मेलो. हे स्वच्छ टीव्हीवर दिसलं. आणि सोनार माझ्याकडे वळून काय म्हणाला?

"ढालीले करंट काब्र नही दिना? तू जपी गयथा का?" म्हणजे, ढालीला करंट का नाही दिला, झोपला होतास का?

मी उठून खाली दुकानात जाऊन उभा राहिलो. वार्निशच्या वासात जरा बरं वाटलं.

वर आलो तर खेळावर चर्चासत्र चालू. पाइपवाल्याचं मत, गेमचं ग्राफिक जुनाट आहे, म्हणून मजा येत नाही. अरे, 1971 साली माइक मेफील्ड नावाच्या शाळकरी पोराने बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत 'स्टार ट्रेक' नावाचा खेळ लिहिला होता, त्यात चित्र म्हणून काहीच नव्हतं. आठ बाय आठ चौकटींचं आकाश, शत्रू म्हणजे कागदावर छापलेली अक्षरं. लोकांनी त्यावर रात्री जागवल्या. आणि तुला न्यूक कुठे सोडावं कळत नाही, तो दोष ग्राफिकचा?

मास्तरचं मत, सायन्सला कामच नाही, कंटाळा येतो. काम नाही? ते केलं असतं तर कळलं असतं की आहे!

केळीवाल्याचं मत, कॅप्टनला काही करायला नसतं, त्यापेक्षा कॅप्टनच काढून टाकावा. हे मत मला क्षणभर पटलं होतं. मग लक्षात आलं, कॅप्टन काढला तर चौघंही एकदम हुकूम देतील. आताही देतातच म्हणा.

पुण्याचा माझा एक मामेभाऊ आहे, त्याचं तर निराळंच. हा खेळ त्याने एकट्याने एका लॅपटॉपवर उघडून पाहिला आणि निकाल दिला, "बोअर आहे रे." एकट्याने! म्हणजे बॅडमिंटनचं एकच रॅकेट घेऊन भिंतीसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, समोरून शटल येत नाही. एकट्यालाच सगळं जहाज चालवायचं असेल तर 'एफटीएल' आहे ना. जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस या दोघांनी 2012 मध्ये काढला, दहा हजार डॉलर मागितले होते तर लोकांनी दोन लाखांच्या वर दिले. त्यातही रिअ‍ॅक्टरची वीज तोलायची, आग लागली की दारं उघडून हवा घालवायची, ऑक्सिजन सांभाळायचा. स्पेसबार दाबली की वेळ थांबते, शांतपणे विचार करता येतो. मी रविवारी दुपारी तोच खेळतो. जहाज फुटलं तर फुटलं, दोष माझाच. कुणाचं तोंड बघावं लागत नाही. पण खरं सांगू का, तिथे जिंकलो तरी ओरडायला शेजारी कुणी नसतं, तेही खटकतं. असो, मी रागात आहे, हे मध्येच कुठे आलं.

मुख्य गोष्ट राहिलीच. कूलर.

मे महिना. अमळनेरात रात्री अकरालाही भिंती गरम. पत्र्याखालची खोली. आणि त्यात लाइट गेली. आता इन्व्हर्टरवर पाच लॅपटॉप, राउटर आणि टीव्ही, एवढं मी मोजून बसवलेलं आहे. दोन तास आरामात निघतात. पण नाही! "भो, कूलर लाव ना." मी सांगितलं, कूलरची मोटर आणि पाण्याचा पंप मिळून बॅटरी खाईल, तासाभरात सगळं बसेल, वर जुनी बॅटरी तापते. सोनार म्हणतो, "थोडाच वेळ लाव." केळीवाला उठला आणि त्याने माझ्या देखत प्लग खोचला. माझ्या घरात, माझ्या बोर्डात, माझ्याच इन्व्हर्टरवर! चाळीस मिनिटांत इन्व्हर्टर टूं टूं करायला लागला. चौघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. आणि मास्तर, जो सातवीला विज्ञान शिकवतो, म्हणाला, "बॅटरी लो क्वालिटीची घेतली वाटतं तू."

हे तेच लोक. कूलर पण पाहिजे, टीव्ही पण पाहिजे, वॉर्प चार पण पाहिजे, बीम पण तीनशे टक्के. आणि दाणे आठच. ते आठ दाणे मी काय केळीच्या घडातून तोडून आणू?

मागच्या महिन्यात एकदा मी म्हटलं, आज मी कॅप्टन, सोनार इंजिनिअरिंगवर. चौथ्या मिनिटाला त्याने सगळ्या पट्ट्या वर सरकवल्या, कूलंट सगळं बीमला. वॉर्प जळालं, मग इम्पल्स जळालं, जहाज आकाशात मेलेल्या म्हशीसारखं पडून. हेल्मवरून केळीवाला ओरडतोय, "जहाज पयी काब्र नही ऱ्हायनं?" आणि सोनार शांतपणे मला म्हणतो, "आपोआप जळनं भो."

त्या क्षणी माझ्या हातात साडेसात एचपीच्या मोटरची मागची कॅप असती तर मी ती कुठे फेकली असती हे मी सांगत नाही.

म्हणून मग मी जाहीर केलं, आता बस. पुढच्या शनिवारी मी येणार नाही, खोलीला कुलूप. इंजिनिअरिंगवर तुमच्यापैकी कुणी बसा, नाहीतर जहाजाला बैल जुंपा. बायको म्हणाली, बरं झालं, एक शनिवार तरी घरात शांतता. मी हो म्हटलं. चार दिवस मी खरोखर कुणाचा फोन उचलला नाही. इन्व्हर्टरची बॅटरी मात्र बुधवारी उतरवून पाणी भरून चार्जिंगला लावली. ती खराब होते तशी ठेवली तर, त्याचा या लोकांशी काही संबंध नाही.

आत्ता शुक्रवारी रात्री सोनाराचा मेसेज आलाय. माफी नाही, कसं काय नाही.

"सकाय साडेनऊले येतस. यावेळी स्टेशनवरून फुल चार्ज करीसन निंघू. कूलर चालू ठेवजो."