"गोळी का चुकली" म्हणून पोरांना झापणं आता बास करा

"औषध फुकट मिळतंय ना, म्हणून किंमत नाही या पोरांना." हे वाक्य एचआयव्हीच्या कामात इतक्या जणांकडून ऐकलंय, अगदी चांगल्या मनाच्या माणसांकडून पण, की आता डोकंच फिरतं. म्हणून आज जरा लांबलचक लिहितेय, वेळ असेल तर वाचा.

मी बोलतेय ती पोरं म्हणजे जन्मताच आईकडून लागण झालेली. आपल्याकडे सरकारने 1 एप्रिल 2004 ला मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी रोजची औषधं, सुरू केलं, पहिल्या आठ हॉस्पिटलांत आपलं जेजे होतं, आणि लहान मुलांसाठी वेगळा कार्यक्रम 2006 च्या शेवटी आला. त्यावर जगलेली मुलं आज विशीत आहेत. बऱ्याच जणांचे आईबाप गेलेत, आजीने नाहीतर मामाने नाहीतर एखाद्या संस्थेने वाढवलंय. खरं सांगायचं तर ही पोरं एवढी मोठी होतील असं तेव्हा कुणी धरलंच नव्हतं, त्यामुळे मोठी झाल्यावर त्यांचं काय, हा विचारही कुणी केला नाही. अठरापर्यंत कोणीतरी हाताला धरून एआरटी सेंटरला नेत होतं, अठरा झाले की सरकारच्या बालसंगोपन योजनेचे पैसे बंद, संस्था सोडा, आणि मोठ्यांच्या लाइनीत उभे रहा. झालं.

आता औषधाचं बघा. पूर्वीच्या एका गोळीने चक्कर यायची, रात्री भलतीच स्वप्नं पडायची, पोरं वैतागायची. आता टीएलडी आहे, तीन औषधं एकत्र, दिवसातून एकच गोळी, त्रास कमी, जेवणाआधी घ्या नाहीतर नंतर घ्या. म्हणजे औषध सुधारलं. पण ती बाटली ठेवायची कुठे?? चाकणला एका खोलीत सहा पोरं राहतात, कपाट एक, आणि ती पांढरी बाटली हलवली की खुळखुळ वाजते. पोरं आत कापूस कोंबतात, लेबल खरवडून काढतात, कोणी व्हिटॅमिनच्या डब्यात भरतं, कोणी रोज एक गोळी कागदात बांधून खिशात ठेवतं आणि कंपनीच्या बाथरूममध्ये नळाच्या पाण्याने घेतं. रूममेट गावाकडचा निघाला, की त्या आठवड्यात गोळीच नाही. याला तुम्ही बेफिकिरी म्हणणार? मला तर ही पोरं सारखी टेन्शनमध्येच दिसतात.

आणि गोळी सोडल्यावर लगेच काहीच होत नाही, हा त्यातला खरा घोळ आहे. व्हायरस काही आठवड्यांत परत वाढायला लागतो पण पोरगं महिनोन् महिने ठणठणीत, मग त्याला वाटतं अरे काहीच झालं नाही की, उगाच घेत होतो इतकी वर्षं. आणि मग एकदम टीबी घेऊनच येतं.

सेंटरची वेळ म्हणजे सकाळची ओपीडी. शिफ्टवाल्याने सुट्टी मागायची तर कारण काय सांगायचं, दर वेळी आजी आजारी? एसटीत एचआयव्हीवाल्यांना मोफत प्रवासाची सवलत आहे, चांगलीच गोष्ट आहे, पण ती घ्यायची तर भरल्या गाडीत कंडक्टरला कागद दाखवायचा. आपल्याच तालुक्याच्या गाडीत! एक पोरगी मला म्हणाली, "मावशी, मी तिकीटच काढते, परवडत नाही पण काढते." यावर मी काय बोलणार?

अजून एक. कित्येक मुलांना वर्षानुवर्षं सांगितलेलं असतं की ही रक्तवाढीची गोळी आहे, छातीची आहे. मग चौदा-पंधराव्या वर्षी पोरगं मोबाईलवर गोळीचं नाव टाकतं आणि त्याला एकट्याला सगळं कळतं. डब्ल्यूएचओ 2011 पासून सांगतंय की सहा ते बारा वर्षांच्या दरम्यान, झेपेल तसं थोडं थोडं सांगत जा. पण आपण घाबरतो. आणि जे सगळ्यात आधी सांगायला पाहिजे ते तर सांगतच नाही, की नियमित गोळीने व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला व्हायरस, इतका खाली गेला की तपासणीत सापडत नाही, आणि तो तसाच राहिला, तर जोडीदाराला संबंधांतून लागण होत नाही. विशीतल्या पोराला गोळी घ्यायला याच्यापेक्षा मोठं कारण असू शकतं का? पण प्रेम, लग्न हा विषय निघाला की समोरचे खाली बघायला लागतात, नाहीतर "आधी तब्येत सांभाळ" म्हणून गप्प करतात.

मला वाटतं यावर उपाय एकच, याच वयाची पॉझिटिव्ह पोरं या कामात घ्या आणि पगार देऊन घ्या. झिम्बाब्वेत झ्वांदिरी नावाचं काम 2004 पासून चालू आहे, तिथे 18 ते 24 ची पॉझिटिव्ह मुलं आपल्याच वयाच्यांना भेटतात, घरी जातात, मेसेज करतात. दोन जिल्ह्यांतल्या 16 दवाखान्यांत त्याचा नीट अभ्यास झाला, 2020 मध्ये छापून आला. जवळपास दोन वर्षांनी, नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी 36 टक्के मुलांचा व्हायरल लोड आटोक्यात नव्हता किंवा ती दगावली होती, आणि ही सोबत मिळालेल्यांत हाच आकडा 25 टक्के होता. औषध दोन्हीकडे मिळत होतं, फरक या सोबतीचा. आपल्यापेक्षा गरीब देश आहे तो, म्हणून पैशाचं कारण मला सांगू नका.

आपल्याकडे विहान म्हणून एचआयव्हीवाल्यांना आधार देणारी केंद्रं आहेत, तिथे पॉझिटिव्ह लोक काम करतात, मनापासून करतात, पण मी बघितलेले बहुतेक चाळिशी-पन्नाशीचे. बावीस वर्षांचं पोरगं त्यांना "काका" म्हणतं आणि खोटं बोलतं, "हो काका, घेतो रोज." मित्राशी असं खोटं बोलायची गरज पडत नाही ना.

तोवर निदान स्थिर असलेल्यांना तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या द्या (कोरोनात दिल्याच होत्या की!), आणि महिन्यातून एखादा रविवार सेंटर उघडं ठेवा. एचआरमधले कोणी वाचत असतील तर, नोकरीसाठी एचआयव्ही टेस्ट सक्तीची करता येत नाही, 2017 चा कायदा आहे, सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. मेडिकलच्या फॉर्मवर ती टेस्ट लिहिलेली असेल तर काढा.

कमेंटमध्ये कुठली पोरगी, कुठलं गाव, विचारू नका, सांगणार नाही. स्वतःसाठी किंवा घरातल्या कोणासाठी काही विचारायचं असेल तर 1097 ही सरकारची एचआयव्हीची हेल्पलाइन टोल फ्री आहे, नाव न सांगता बोलता येतं.