डबा नको, पावती फाडा

मी डबे विकते त्या कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये सांगतात, दिवाळीआधी शाळा आणि मंडळं गाठा. त्यांनी आपल्या माणसांकडून हवाबंद डब्यांच्या ऑर्डरी गोळा करायच्या, विक्रीतला ठरलेला वाटा संस्थेला, उरलेलं कमिशन आपल्याला. संस्थेला निधी मिळतो, घरोघरची चकली कुरकुरीत राहते. सांगणाऱ्या मॅडम पुण्याच्या होत्या. कोल्हापुरात निधी कसा जमतो, हे त्यांना कुणी दाखवलंच नसावं. चार पोरं, एक पावतीपुस्तक आणि ‘काका, अध्यक्ष स्वतः आलेत’, झालं काम.

त्यात मुहूर्त सापडत नाही. दिवाळीला डबे हातात पडायचे तर बुकिंग पावसाळ्यातच व्हायला हवं. जूनमध्ये शाळेत प्रवेशाची गर्दी. जुलैत पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकलं की अख्खं गाव फूट मोजत बसतं, तिथं माझ्या डब्याचे लिटर कोण ऐकणार? मग ‘गणपती होऊ देत’. मग अंबाबाईचं नवरात्र. मग सहामाही. आणि वसुबारसेच्या आदल्या दिवशी ‘गणपती होऊ देत’ म्हणणाऱ्या बाईंचाच फोन, ‘अहो, आधी का नाही आलात?’

२०२१ च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांप्रमाणं ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ घेतल्याशिवाय ग्राहकाच्या दारी जाता येत नाही. नियम चांगलाच आहे. पण शिवाजी पेठेतल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष मावशींना फोन करून ‘कधी येऊ?’ विचारलं, तर त्या घाबऱ्याघुबऱ्या. ‘का गं, काय झालं? कोण गेलं काय? सांगायचं न्हाईस व्हय, मीच आलो असतो की तुझ्याकडं!’ आमच्याकडं वेळ ठरवून येणारा माणूस एकतर बँकेचा असतो, नाहीतर मुलगी बघायला आलेला. मी गळ्यात ओळखपत्र घालून गेले, तर मावशींनी आधी रेशनकार्डच बाहेर काढलं.

एका शाळेत मुख्याध्यापकांनी मात्र शांतपणे सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या डोक्यावर शाहू महाराजांचा फोटो. म्हणाले, ‘मॅडम, १९१७ साली ह्या राजानं प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना १ रुपया दंड. आणि मी ह्याच फोटोखाली बसून पालकांना डबे घ्या म्हणू?’

‘दंड समजून घेतील की, सर.’

सर हसले. चहा आला, बुकिंग काही आलं नाही. निघताना मात्र त्यांनी नमुन्याचा डबा उलटापालटा केला. ‘हा तेवढा ठेवून जा. घरी शेंगदाण्याला मुंग्या लागतात.’

मग गेले तालमीत, म्हणजे पेठेतल्या पोरांच्या मंडळात. तिथं पहिलाच प्रश्न झाकणाच्या रंगाचा. मी कॅटलॉग उघडून निळं झाकण दाखवलं आणि सगळे गप्प. निळी जर्सी पलीकडच्या पेठेच्या फुटबॉल संघाची. ‘वैनी, हे झाकण आमच्या गल्लीत फिरलं तर पुढच्या सामन्याला तोंड दाखवायचं कसं?’ फारच वेळ खल झाला. डबा किती टिकतो, महाग आहे का, हे कुणीही विचारलं नाही. शेवटी लाल झाकणावर एकमत झालं आणि बुकिंग मिळालं! मी खुशीत सगळ्यांना ऑर्डर फॉर्म वाटले, रकाने समजावले. पोरांनी माना डोलावल्या आणि सवयीनं पावतीपुस्तकही बरोबर घेतलं.

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन. ‘वैनी, नाद खुळा! टार्गेटच्या वर गेलंय.’

‘डबे किती गेले?’

‘डबा कुणालाच नको. लोक म्हणाले, घरात डब्यांची चळत पडलीय, पावती फाडा आणि जावा.’

म्हणजे निधी जमला, विक्री शून्य. विक्री शून्य, म्हणून कमिशनही शून्य. कंपनीच्या मॅडमना हा हिशेब मी दोनदा सांगितला. त्या फोनवर बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

तालमीनं मात्र उपकार ठेवले नाहीत. फेटा, शाल, नारळ देऊन सत्कार केला आणि चौकात फ्लेक्स लावला. पाठीमागं आडदांड पैलवान, पुढं मी, खाली ‘निधी संकलनातील मोलाच्या मार्गदर्शनाबद्दल आभार’. दुसऱ्या दिवसापासून फोन थांबेनात. आजचा सकाळचा फोन तर थेट निळ्या जर्सीवाल्यांचा.

‘वैनी, आमची पण वर्गणी काढून द्या की. आणि ते डब्याचं काय असतं म्हणे, ते नको.’