दुधाला कुणी प्रश्न विचारत नाही

पुण्यात ताटावरून वाद नवे नाहीत. घर भाड्याने घ्यायला गेलं की आडनावापाठोपाठ ‘नॉनव्हेज करता का?’ हा प्रश्न येतोच. शालेय पोषण आहारात अंडं असावं की नाही, यावर तर सगळा महाराष्ट्र भांडला. नोव्हेंबर २०२३ मध्ये अंडी सुरू झाली, जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यांचा निधी थांबवला आणि द्यायचीच तर लोकवर्गणीतून द्या, असं शाळांना सांगितलं. या गदारोळात दूध मात्र कायम सोवळ्यात राहतं. पनीरच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो, आणि आपला विचार त्या ठिपक्यापाशी थांबतो.

मी इंग्लंडमध्ये, लीड्सला राहते. इथे २०१४ पासून जानेवारीत ‘व्हीगन्युअरी’ची मोहीम चालते. महिनाभर मांस, मासे, अंडी, दूध, मध, म्हणजे प्राण्याकडून येणारं काहीच खायचं नाही. फेब्रुवारीत बरेचजण जुन्या जेवणावर परततात आणि त्यांना कुणी नावं ठेवत नाही. मला हे मनापासून आवडतं. इथेही हट्टी लोक आहेत, दूधवाल्या शेतकऱ्यांशी त्यांचे खटके उडतात. पण हा महिना करणारा साधा माणूस स्वतःच्या ताटाबद्दल बोलतो, शेजाऱ्याच्या नाही. घर नाकारण्यासाठी कुणी व्हीगन होत नाही.

मी हा प्रयोग पुण्यात, माहेरी केला. लीड्समध्ये त्यासाठी दुकानात जावं लागतं : ओट मिल्क, वाटाण्याच्या प्रथिनांचे सॉसेज, खोबरेल तेलाचं चीज. पुण्यात जानेवारी म्हणजे संक्रांत. भोगीची भाजी घ्या : वांगी, गाजर, पावटे, ओला हरभरा, बोरं, वर तीळ-दाण्यांचं कूट, आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. लोण्याचा गोळा तेवढा बाजूला ठेवला की झालं. पिठलं, मटकीची उसळ, अळूचं फदफदं, ठेचा, सोलकढी यांतही दुधाचा थेंब नाही. व्हीगन जेवण म्हणजे श्रीमंतांचं खूळ, असं जे म्हणतात त्यांच्या डोळ्यांसमोर कॅफेतलं बदामाचं दूध असतं. ते महाग आहेच, पण त्यावाचून काही अडत नाही.

अडतं ते चहाला आणि वरणभाताला. तुपाशिवायचा वरणभात मला शेवटपर्यंत रुचला नाही. आणि अडतं देवघरात. पंचामृतात दूध, दही, तूप, मध, साखर : पाचांतले चार गेले. आई म्हणाली, “देवाला द्यायचं ते मी देणार. तू तुझं बघ.” आणि माझ्या हातावर तिने गूळखोबरं ठेवलं.

एका बाबतीत मात्र पुणेकराने इंग्लंडचं अनुकरण डोळे मिटून करू नये. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. लीड्समध्ये सोया दुधात आणि नाश्त्याच्या सीरिअलमध्ये ते बहुतेकदा वरून घातलेलं असतं, घरी वाटलेल्या बदामाच्या दुधात ते नसतं. शिवाय शरीरात साठा भरपूर असेल तर एखादा महिना सहज निघतो, पण आपल्याकडे तो साठाच तोकडा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले आहेत. त्यात सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी आढळलं. या बायकांनी दूध सोडलेलं नव्हतं, त्यांच्या वाट्याला ते येतच थोडं होतं. तेव्हा आधी रक्त तपासा आणि गोळी घ्या. गरोदर बाईने आणि वाढत्या मुलांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

पण माझ्या दृष्टीने खरा विषय आहे जुन्नर तालुक्यातला मामांचा गोठा. दोन संकरित गाई आहेत. दर दहा दिवसांनी डेअरीचं बिल येतं, त्यावर किराणा आणि मामेबहिणीची फी भागते. मी विचारलं, गोऱ्हा झाला की काय करता? मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “पोरी, कालवड झाली तर आम्ही खूश. गोऱ्ह्याला कोण पोसणार? शेतात ट्रॅक्टर आलाय.” पूर्वी गोऱ्ह्याचा बैल व्हायचा. २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे तो कसायाला विकताही येत नाही. मग अनेक ठिकाणी असा गोऱ्हा मोकळा सोडला जातो किंवा हळूहळू उपाशी मरतो. इंग्लंडमध्ये वासराला जन्मानंतर बहुधा दिवसा-दोन दिवसांतच आईपासून तोडतात, आणि तिथेही दुधाळ जातीचा नर नकोसाच असतो. दोन्हीकडे दूध हवं तर गाय वरचेवर विणार, आणि तिच्या वासरांतले निम्मे नर असणार. बीजात लिंगनिवड करण्याचं तंत्र आता आलं आहे, मामांपर्यंत ते अजून पोचलेलं नाही.

याचा दोष मामांवर ढकलून इंग्लंडमधल्या घोषणा जुन्नरला चिकटवणं मला मान्य नाही. दुधाचे भाव कोसळले होते, तेव्हा जुलै २०१८ मध्ये राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेने पुण्या-मुंबईकडे जाणारं दूध अडवलं. शेतकऱ्याला लिटरमागे पाच रुपये अनुदान मिळावं एवढ्यासाठी ती लढाई होती. शहराला दूध स्वस्त हवं, गोऱ्हा कापलेला नको आणि त्याला पोसायचे पैसेही द्यायचे नाहीत. या तिन्ही मागण्या एकाच माणसाच्या गळ्यात बांधलेल्या आहेत. स्वतःला अहिंसक मानणाऱ्या शाकाहारी पुण्याने महिनाभर दूध बंद ठेवून बघावं ते यासाठी. चहाचा कप समोर आला की रोज हा गोऱ्हा आठवतो. मांसाहारी भाडेकरूला दार लावताना तो आठवत नाही.

परतल्यावर मी चहाला ओट मिल्क कायम ठेवलं आहे. तूप पुन्हा सुरू झालं, पण आधीपेक्षा कमी. आणि मामांच्या गावच्या शाळेत अंड्यांसाठी वर्गणी काढली, तेव्हा मी पैसे पाठवले. ओळखीतल्या एका व्हीगन मैत्रिणीला हे पटलं नाही. तिला मी सांगितलं की अंडं सोडायचं की नाही हे त्या मुलांनी मोठं झाल्यावर ठरवावं. तोवर त्यांना ते मिळालं पाहिजे.