स्टॅपेलियाचं खोड खाऊन वजन उतरत नाही

‘आफ्रिकेतलं चमत्कारी तारापुष्प’ नावाचा मेसेज सध्या फिरतोय. वर स्टॅपेलिया जायगँटिया या निवडुंगासारख्या दिसणाऱ्या झाडाचं भलंमोठं फूल आणि खाली चार दावे: रोज सकाळी बोटभर खोड चावून खाल्लं की भूक मरते आणि वजन उतरतं, हे झाड माश्या-डास खातं, बारा वर्षांतून एकदाच फुलतं, फूल हवं तर रोज पाणी घाला. आमच्या घरच्या ग्रुपवर तो आला आणि बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या मावशीने लिहिलं, ‘आपल्या कुंडीतच आहे, उद्यापासून सुरू करते.’ आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी खोडाचं. हा दावा मुळात दुसऱ्याच झाडाचा आहे. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातले सान लोक शिकारीला गेले की भूक-तहान भागवायला हूडिया या निवडुंगासारख्या झाडाचं खोड खात, हे खरं. स्टॅपेलिया हूडियाचा नातलग, हेही कबूल. पण नात्यावर जायचं तर रुई आणि कण्हेरही याच कुळातल्या. त्या कोणी चावून खातं का? बरं, खुद्द हूडियाचं तरी काय झालं? त्याचा अर्क घालून वजन घटवणारे पदार्थ काढायचं युनिलिव्हरने ठरवलं होतं, ते काम २००८ मध्ये थांबवलं. पुढे २०११ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ क्लिनिकल न्यूट्रिशन’मध्ये चाचणी छापून आली. वजन जास्त, पण एरवी निरोगी अशा ४९ स्त्रिया. पंधरा दिवस शुद्ध केलेला अर्क. अर्क न दिलेल्या गटापेक्षा ना खाणं कमी झालं, ना वजन. रक्तदाब, नाडीचे ठोके आणि बिलिरुबिन (कावीळ झाली की रक्तात वाढतं ते पिवळं द्रव्य) मात्र वाढलं. मळमळ, उलट्या झाल्या त्या वेगळ्याच. निरोगी बायकांची ही गत, तर बीपीच्या माणसाने कुंडीतलं न तपासलेलं खोड का खावं? नकोच.

माश्या येतात, एवढं अर्धसत्य आहे. फुलाला सडक्या मांसाचा वास येतो. मांसावर अंडी घालणारी माशी फसते आणि फुलाच्या मधोमध, तांदळाच्या बारीक कणीसारखी पांढरी अंडी घालून जाते. जाताना परागपुंज, म्हणजे परागकणांचे गठ्ठे, तिच्या अंगाला अडकून दुसऱ्या फुलावर पोचतात. अळ्यांना खायला काहीच नसतं, त्या उपाशी मरतात. त्या मेलेल्या अळ्या पाहून ‘झाडाने खाल्ल्या’ म्हणायचं? घटपर्णीसारखं पचवण्याचं कुठलंही साधन या झाडाकडे नाही. डासांचा तर इथे संबंधच नाही.

बारा वर्षांचं म्हणाल तर निव्वळ थाप. नीट वाढलेलं झाड दरवर्षी फुलतं, आपल्याकडे बहुधा पावसाळा सरता सरता.

रोज पाणी घातलंत तर फूल सोडाच, झाड जाईल. मुळं उथळ असतात, म्हणून चार इंच खोलीची पसरट मातीची कुंडी घ्या. दोन भाग विटांचे तुकडे आणि जाड वाळू, एक भाग माती आणि पालापाचोळ्याचं खत. काळी माती नको, ती पाणी धरून ठेवते. उन्हाळ्यात माती तळापर्यंत सुकली की भरपूर पाणी, थंडीत अगदी कमी, पावसाळ्यात छपराखाली. सकाळचं चार तास ऊन हवंच. नुसत्या सावलीत खोडं लांबट होतात आणि कळ्या धरत नाहीत.

बुंधा मऊ आणि काळा पडला की कूज लागली. वरचं खोड कापा आणि काप पाहा: मधे तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापा, स्वच्छ हिरवा गर लागेपर्यंत. प्रत्येक कापानंतर सुरी स्पिरिटने पुसा, नाहीतर कूज तुम्हीच वर नेता. तुकडा आठवडाभर सावलीत सुकवून वाळूवर आडवा ठेवा. मुळं फुटेपर्यंत पाणी नाही. कळ्या नव्या खोडांवरच येतात, त्यामुळे दोन-तीन वर्षांनी मधली जुनी खोडं काढून कडेची नवी लावावीत. कुंडी बदलताना मुळांवर पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण: मुळं धुऊन सुकवा आणि जुनी माती फेकून द्या.