पिशवी कागदाची हवी

रक्ताने भिजलेला शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर गाठ मारली की पुरावा जपला, असं अनेकांना वाटतं. तिथूनच तो कुजायला लागतो. ओल आत कोंडते, बुरशी धरते, जिवाणू डीएनएचे तुकडे पाडतात, आणि काही महिन्यांनी सीए रिपोर्ट (लॅबचा रासायनिक विश्लेषणाचा अहवाल) हातात पडतो तेव्हा त्यात एवढंच असतं की नमुन्यातून डीएनए मिळाला नाही. मग बोल लागतो लॅबला.

पंचवटीत, सातपूरला, नाशिकरोडला, कुठेही खून झाला की तासाभरात ग्रुपवर ओळ फिरते: "फॉरेन्सिक टीम दाखल." जणू टीम आली म्हणजे आरोपी सापडलाच. आपल्या शहरात प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. त्र्यंबक रोडला पोलीस अकादमी आहे, राज्यभरचे फौजदार तिथे घडतात. निदान नाशिककरांना तरी हे माहीत असावं की लॅब तिच्यापर्यंत जे पोचलं त्याबद्दलच बोलू शकते, आणि तेही तपासी अंमलदाराने विचारलं असेल तेवढंच. माझं मत साधं आहे. पुरावा मरतो तो घटनास्थळ आणि लॅब यांच्या मधल्या वाटेवर, आणि ती वाट दुरुस्त करायला कोटींची यंत्रं लागत नाहीत.

फ्रान्समध्ये लियाँ शहरात एडमंड लोकार्द याने १९१० साली पोलिसांसाठी प्रयोगशाळा काढली. स्पर्श झाला की देवाणघेवाण होते, हे त्याच्या नावाचं तत्त्व प्रत्येक प्रशिक्षणार्थीला पाठ असतं. आरोपी जागेवर काहीतरी ठेवून जातो आणि तिथलं काहीतरी घेऊन जातो. पण हाच नियम हवालदाराला, शेजाऱ्याला, पत्रकाराला आणि सांत्वनाला आलेल्या नगरसेवकालाही लागू आहे, हे मात्र कुणाच्या ध्यानात राहत नाही.

आपल्याकडे तर सगळं माणुसकीपोटी बिघडतं. मृतदेह उघडा नको म्हणून कुणीतरी घरातली चादर आणून टाकतं. त्या चादरीवर घरातल्या चार माणसांचे केस, धागे, घाम असतो, आणि तो सगळा ऐवज कपड्यांवर उतरतो. बेशुद्ध समजून कुणी तोंडावर पाणी मारतं. विळा, सुरी "लहान मुलांच्या हाती लागायला नको" म्हणून उचलून फडताळावर ठेवली जाते. मृतदेह शवविच्छेदनाला गेला की बायका फरशी धुऊन काढतात, गोमूत्र शिंपडतात. त्यांची चूक म्हणता येत नाही, कारण "आम्ही सांगेपर्यंत इथे पाणी लावू नका" हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

पहिल्यांदा पोचलेल्या अंमलदाराची कामं खरं तर मोजकी. जखमी जिवंत असेल तर आधी दवाखाना, तिथे पुराव्याचा विचार करायचा नाही. मग दोरी बांधायची, आत जायची-यायची एकच वाट ठरवायची (शक्यतो आरोपीने वापरली नसेल अशी), आणि आत गेलेल्या प्रत्येकाचं नाव व वेळ लिहायची. दिव्याचं बटण, नळ, संडास, पंखा, कशालाही हात नाही. गुटखा खाऊन तिथेच थुंकायचं नाही, हेही सांगावं लागतं. दोरी बांधताना ती नेहमी लहानच पडते. नोएडातल्या २००८ च्या दुहेरी हत्याकांडात दुसरा मृतदेह त्याच घराच्या गच्चीवर होता आणि तो मिळाला दुसऱ्या दिवशी. दोरी गच्ची, जिना, पार्किंग, गल्लीचं तोंड सगळं धरून बांधा. नंतर आत घेता येते, बाहेर वाढवून उपयोग नसतो, तोवर तिथून शंभर पावलं गेलेली असतात.

कामाच्या क्रमालाही कारण आहे. आधी फोटो: लांबून, मधून, मग जवळून मोजपट्टी ठेवून. मोजपट्टीशिवायचाही एक हवा, नाहीतर पट्टीखाली काय झाकलं होतं असा प्रश्न उलटतपासात येतोच. मग नकाशा, हलणार नाहीत अशा दोन खुणांपासून मोजमापं घेऊन. खाट खूण होत नाही, खोलीचा कोपरा होतो. त्यानंतर केस आणि धागे, मग रक्ताचे स्वॅब, आणि बोटांच्या ठशांची पावडर सगळ्यात शेवटी. कारण तोच ब्रश या कपाटावरून त्या दारावर फिरतो आणि डीएनए सोबत घेऊन फिरतो.

वाळलेल्या डागावर स्वॅब घ्यायचा तर कापूस डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओला करायचा, पिळून थेंब पडेल इतका नाही. आधी ओला, मग त्याच जागी कोरडा, असे दोन. शेजारच्या बिनडागाच्या जागेचा, तुलनेसाठी, वेगळा कंट्रोल स्वॅब. प्रत्येक वस्तूला हातमोजे बदलायचे. कपडे सावलीत, पंख्याखाली, कोऱ्या कागदावर वाळवायचे; उन्हात नाही आणि हीटरसमोर तर नाहीच. मग प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात. मयताची पँट आणि आरोपीचा शर्ट एका गाठोड्यात बांधला की पुढे कुणाचं रक्त कुणाकडे गेलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. जिवंत माणसाचं रक्त डीएनएसाठी घ्यायचं ते जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या नळीत, आणि ते थंड ठेवायचं.

आता पाकीट. खाकी कागद, वर लेबल: गुन्हा रजिस्टर नंबर, कलम, तारीख, वेळ, जागा, वस्तूचं वर्णन, पंचांच्या आणि अंमलदाराच्या सह्या. लेबल पाकिटाला असं चिकटवायचं की ते फाडल्याशिवाय पाकीट उघडणार नाही. दोऱ्याच्या गाठीवर लाख, लाखेवर सील, आणि त्याच सीलचा नमुना लॅबला जाणाऱ्या पत्रावर वेगळा. लॅबमध्ये पाकीट उघडण्याआधी हेच पाहतात: सील शाबूत आहे का, नमुन्याशी जुळतं का. पंचनाम्यात "लाल चौकड्याचा शर्ट" आणि लेबलवर "तपकिरी शर्ट" असेल तर विज्ञान कितीही अचूक असो, आरोपीच्या वकिलाला त्या दिवशी फारसं काम उरत नाही. वाळलेलं रक्त तपकिरी दिसतं, एवढंच कारण असतं. पण ते लिहायला हवं होतं.

द्राक्षपट्ट्याची एक गोष्ट बाहेरच्या तज्ज्ञाच्या लवकर लक्षात येत नाही. निफाड, दिंडोरीच्या बागेत पानं, तारा, अँगल, छाटणीची कात्री, ब्लोअर, सगळ्यांवर बोर्डो मिश्रण बसलेलं असतं. एक टक्क्याचं बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. मोरचूद म्हणजे तांबं. आणि रक्ताच्या जागेवरच्या प्राथमिक चाचण्या तांब्याला फसतात. अंधारात ल्युमिनॉल हे रसायन मारलं तर ते रक्तावर चमकतं तसं तांब्यावरही चमकतं, ब्लीचिंगवरही. फिनॉल्फ्थॅलिनच्या चाचणीत घाई करायची नसते. आधी रसायनाचा थेंब टाकून थांबायचं, रंग येतो का पाहायचं, मग हायड्रोजन पेरॉक्साइड. पेरॉक्साइड पडण्याआधीच गुलाबी झालं तर ती चाचणी धरता येत नाही, तिथे दुसरं काहीतरी आहे. पेरॉक्साइडनंतर लगेच गुलाबी झालं तरी "रक्त असण्याची शक्यता" एवढंच म्हणता येतं. ते माणसाचं की बोकडाचं, हे पुढे लॅब सांगते. पंचनाम्यात "मानवी रक्ताचे डाग आढळले" असं जागेवरच लिहून मोकळं होणारे अजून आहेत.

त्याच बागेत चांगली गोष्टही मिळते. ठिबकच्या ओळीतल्या ओल्या काळ्या मातीत बुटाचा ठसा सकाळी इतका स्वच्छ उमटलेला असतो की टाचेच्या झिजलेल्या कडेची रेघसुद्धा वाचता येते. दुपारपर्यंत माती तडकते आणि ठसा फुटतो, म्हणून उशीर परवडत नाही. आधी कॅमेरा बरोबर वरून, शेजारी पट्टी, बॅटरीचा उजेड बाजूने तिरपा. नंतर साचा: एका बुटाला साधारण ९०० ग्रॅम डेंटल स्टोन (दातांचे साचे करायची पावडर) आणि ३५० मिली पाणी, झिपच्या पिशवीत कालवून धिरड्याच्या पिठाइतकं सरसरीत. थेट ठशावर ओतायचं नाही, बाजूला ओतून आत वाहू द्यायचं. अर्धा तास हात लावायचा नाही. साचा उचलल्यावर खालची चिकटलेली माती ब्रशने साफ करायची नाही, तशीच पाठवायची. स्वच्छ करण्याच्या हौसेत बारीक खुणा जातात.

विषाच्या केसेस आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या औषधांमुळे वेगळ्या बघायला हव्यात. शवविच्छेदनात जठर आतल्या ऐवजासह, लहान आतड्याचा सुमारे ३० सेंमी भाग, यकृत ५०० ग्रॅम, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा-अर्धा भाग मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. बरणी दोन तृतीयांशच भरायची, वरची जागा वायूसाठी. फॉर्मॅलिनमध्ये टाकलं तर विष वेगळं काढणं अवघड होऊन बसतं. वापरलेल्या मिठाच्या द्रावणाचाही नमुना जोडायचा. हे दवाखान्यात बहुधा नीट होतं. राहतं ते घटनास्थळी: पेला, मातीवरची उलटी, आणि बाटली. शेतकरी मोठ्या कॅनमधलं औषध पाण्याच्या नाहीतर क्वार्टरच्या बाटलीत काढून ठेवतात, त्यामुळे बाटलीवरच्या लेबलवर विसंबून चालत नाही. लॅबला "विष आहे का तपासावे" एवढंच लिहून पाठवू नका. घरात कोणकोणती औषधं होती त्यांची यादी द्या, काम कितीतरी सोपं होतं.

गोदावरीत सापडलेल्या मृतदेहाबाबत मुद्दा एकच. बुडून मृत्यू झाला का, हे पाहायला हाडाच्या मज्जेत डायटम (पाण्यातलं सूक्ष्म शैवाल) शोधतात. सोबत पाण्याचा नमुना लागतो. मृतदेह रामकुंडाशी मिळाला म्हणून रामकुंडाचंच पाणी घेतलं तर काय जुळणार? माणूस आनंदवल्लीला, सोमेश्वरला पडलेला असू शकतो. दोन्हीकडचं पाणी घ्या, आणि त्याच दिवशी घ्या. गंगापूर धरणातून विसर्ग सुटला की कालचं पाणी आज राहत नाही. डायटम जुळले तरी त्यावरच सगळी केस उभी करू नये, तो आधाराचाच पुरावा.

सीसीटीव्हीचं नुकसान सगळ्यात सहज टळण्यासारखं आहे. डिस्क भरली की डीव्हीआर (चित्रीकरण साठवणारा डबा) जुन्यावर नवं चढवतो, सोसायटीत साधारण पंधरा दिवसांत, कुठे महिन्याने. डीव्हीआरचं घड्याळ मागे-पुढे असतं, म्हणून मोबाइलच्या वेळेशी ताडून फरक पंचनाम्यात लिहायचा. "१७ मिनिटे पुढे" एवढे तीन शब्द नसतील तर आरोपी एकाच वेळी दोन ठिकाणी दिसतो. मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग करून आणायचं नाही. मूळ फाइल, तिची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक आकडा), आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र. जुन्या कायद्यात हेच ६५-ब होतं, आणि ते टाळता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक वादात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल प्रकरणात, स्पष्ट केलेलं आहे.

१ जुलै २०२४ पासून नवा कायदा आहे. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर जायचं आणि पुरावा गोळा करतानाचं चित्रीकरण करायचं, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये आहे. ते अंमलात आणायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण कलम १०५ मध्ये. मला हे आवडतं, कारण ठराविक पंच सगळ्या पंचनाम्यांवर सह्या ठोकतात आणि कोर्टात फितूर होतात, त्याला यातून थोडा चाप बसेल. पण कॅमेरा पाकिटावर सील लागेपर्यंतच असतो. पुढे मुद्देमाल खोलीत काय होतं?

दिल्लीच्या छावला बलात्कार-खून प्रकरणात १४ आणि १६ फेब्रुवारी २०१२ ला घेतलेले नमुने लॅबला गेले २७ फेब्रुवारीला. मधले दिवस ते पोलीस ठाण्याच्या मालखान्यात. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये तिन्ही आरोपींना सोडताना हा मुद्दाही धरला. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या कट्टावेल्लै प्रकरणात त्याच कोर्टाने देशभरासाठी नियम घालून दिले: डीएनएचे नमुने ४८ तासांत लॅबकडे पोचले पाहिजेत, उशीर झाला तर कारण केस डायरीत, आणि प्रत्येक हाताबदलाची नोंद एका रजिस्टरमध्ये, निकाल लागेपर्यंत.

४८ तास. इगतपुरीला जुलैत भिजलेला शर्ट पंख्याशिवाय ४८ तासांत वाळत तरी का? त्यामुळे प्रत्येक ठाण्याला कुलूप लागणारी एक छोटी खोली, पंखा, दोरी, कोऱ्या कागदाचा रोल, फक्त नमुन्यांसाठी फ्रीज आणि लाइट गेल्यावर त्याला इन्व्हर्टर. आमदार निधीतून होण्यासारखं काम आहे, फक्त त्याचं उद्घाटन कुणाला आकर्षक वाटत नाही.

आणि माणूस. मुद्देमाल घेऊन लॅबला जाणारा अंमलदार हाच सण आला, सभा आली की पहिल्यांदा बंदोबस्ताला ओढला जातो आणि पाकिटं रॅकवर बसतात. २०२७ चा कुंभ समोर आहे. जिल्ह्यातलं सगळं मनुष्यबळ तपोवन, रामकुंड आणि त्र्यंबकला लागणार, आणि ४८ तासांचं घड्याळ काही पर्वणीसाठी थांबणार नाही. प्रत्येक ठाण्यातला मुद्देमाल अंमलदार आणि त्याच्या जोडीला एक जण कुंभाच्या बंदोबस्तातून वगळल्याचा लेखी आदेश आत्ताच निघायला हवा.